रोमा लोकांच्या देशांतून

(समाज मंडळाच्या दारव्हा येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



युरोपच्या प्रवासाहून परतल्यापासून आम्हां उभयतांस जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो : "आपली माणसे तिकडे भेटली का?" हा प्रश्न सहज विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर सहज देता येण्यासारखे नाही. 'भेटली' म्हणावे तर पुरावा अपुरा पडतो. 'भेटली नाहीत' म्हणावे तर जे डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले, त्याच्याशी ती प्रतारणा होईल. म्हणून जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

युरोपात ज्यांना जिप्सी म्हणतात ते रोमा लोक म्हणजे आपल्याच तांड्यांची दूर गेलेली शाखा होय, ही समजूत आपल्या समाजात रूढ आहे, आणि ती केवळ ऐकीव गप्पांतून आलेली नाही. 1971 साली लंडनजवळ रोमा लोकांची पहिली जागतिक परिषद भरली; तेथे मान्य झालेल्या निळ्या-हिरव्या निशाणाच्या मध्यभागी सोळा आऱ्यांचे तांबडे चक्र आहे. वीर राजेंद्र ऋषी या भारतीय विद्वानांनी चंदीगड येथे 1976 व 1983 साली रोमा लोकांचे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविले. दुसऱ्याचे उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून आपल्या सभासंमेलनांतून या नात्याचा उच्चार होत आला आहे. नोकरीतून मोकळे झाल्यावर आम्हीही आयफेल मनोरा पाहण्यापेक्षा हे नाते पाहावे म्हणून निघालो. मनोराही पाहिला, तो उंच आहे, याहून त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

चेक देशातील बर्नो या शहरी रोमा संस्कृतीचे संग्रहालय आहे. ते 1991 साली स्थापन झाले. दुभाष्याच्या साहाय्याने तेथे एका वृद्ध रोमा बाईंशी आमची गाठ पडली. त्यांनी बोटांवर आकडे मोजून दाखविले : येक, दुय, त्रीन, श्तार, पांज. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. पाण्याला त्या 'पानी' म्हणाल्या, कानाला 'कान', नाकाला 'नाख', मिठाला 'लोन'. लमाण हे आपले नाव लवणावरूनच आले, असे आपण मानतो; बैलांच्या पाठीवर मीठ लादून ज्यांनी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, त्यांच्या वंशजांस परमुलखात हा शब्द ऐकून काय वाटले असेल, ते आपणच समजून घ्यावे.

परंतु त्याच बाईंनी पुढे सातासाठी 'एफ्ता', आठासाठी 'ओख्तो' आणि नवासाठी 'एन्या' म्हटले. हे शब्द ग्रीक आहेत. घोड्यासाठी त्यांचा 'ग्रास्त' हा शब्द आर्मेनियन आहे, आणि रस्त्याला त्या 'ड्रोम' म्हणतात, तोही ग्रीकच. ज्यांचे आयुष्य रस्त्यावर गेले, त्यांनी रस्त्याचे नाव मात्र वाटेत उचलले! इराण, आर्मेनिया, ग्रीस हा त्यांचा मार्ग पंडितांनी अशा शब्दांवरूनच शोधून काढला. त्यांची भाषा मूळची हिंदुस्थानी आहे, हे जर्मन पंडित र्‍यूडिगर याने 1782 साली दाखविले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानेही त्यांचे मूळ वायव्य भारतात असल्याचे सांगितले.

तेव्हा ते भारतीय वंशाचे आहेत, याविषयी शंका नाही. ते 'गोर' आहेत काय, हा प्रश्न निराळा आहे. आईला आपण याडी म्हणतो, ते 'दाय' म्हणतात; भावाला आपण भिया म्हणतो, ते 'फ्राल'. पानी आणि कान हे शब्द आपल्या मराठी शेजाऱ्याच्या घरातही आहेत. त्यांवरून आपले नाते ठरवावयाचे तर त्याचेही तितकेच ठरते. काळाचाही मेळ बसत नाही. रोमा निदान एक हजार वर्षांपूर्वी हा देश सोडून गेले. 1417 साली मध्य युरोपात त्यांची नोंद सापडते. दख्खनच्या इतिहासात आपले तांडे ठळकपणे दिसू लागतात ते मोगल फौजांना धान्य पुरविण्याच्या निमित्ताने, सतराव्या शतकात. एक साम्य मात्र खरोखर विलक्षण वाटले : आपण आपल्याला 'गोर' आणि परक्याला 'कोर' म्हणतो, ते आपल्याला 'रोम' आणि परक्याला 'गाजो' म्हणतात. फिरत्या माणसाला आपले कोण आणि परके कोण, हे पक्के ठाऊक ठेवावेच लागते. ते साम्य रक्ताचे असो वा जीवनक्रमाचे, मनाला भिडते खरे.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंत-मारी-द-ला-मेर या गावी 24 मे रोजी जिप्सींची यात्रा भरते. चर्चच्या तळघरातील सारा नावाच्या सावळ्या संतिणीची मूर्ती वस्त्रांनी मढवून, खांद्यावर घेऊन, समुद्रापर्यंत नेतात. तिला 'सारा काली' म्हणतात. आमच्याबरोबरच्या एका सद्गृहस्थांनी तेथल्या तेथे हात जोडून कालीमातेचा जयजयकार केला! त्यांच्या भक्तीविषयी आम्हांस आदर आहे. पण रोमा भाषेत 'काली' म्हणजे केवळ काळी, आणि मूर्ती समुद्राकडे नेण्याची प्रथा 1935 पासूनची. जुने जिप्सी स्वतःस मिसर देशाचे म्हणवीत, त्यावरूनच त्यांना ते नाव पडले. वंशाची कथा प्रत्येक समाज आपल्याला शोभेल अशी रचतो. चितोडच्या राण्यांशी आपला संबंध जोडणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा, एवढेच येथे सुचवितो.

मात्र जे नाते आम्ही शोधावयास गेलो नव्हतो, ते बर्लिन येथे आमच्यापुढे उभे राहिले. तेथील संसदभवनाजवळ 2012 साली रोमा व सिंती यांचे स्मारक उभारण्यात आले. एक काळ्या पाण्याचे गोल कुंड आहे, मध्ये त्रिकोणी शिळा आणि तीवर रोज एक ताजे फूल. हिटलरच्या राज्यात मारल्या गेलेल्या रोमांची संख्या दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगतात. ही माणसे इतक्या सुलभतेने सापडली कशी? म्यूनिक येथे 1899 सालीच जिप्सींची नोंद ठेवणारे पोलिस कार्यालय उघडले होते. नाव, वय, नाते, सर्व तयार होते. फ्रान्समध्ये 1912 च्या कायद्याने भटक्यांना छायाचित्र व बोटांचे ठसे असलेले पुस्तक जवळ बाळगावे लागे. ते 1969 पर्यंत चालले. चेक देशातील लेटी येथील छावणीत तीनशेहून अधिक रोमा, त्यांत पुष्कळ मुले, मरण पावली. पुढे त्या जागेवर डुकरांचे पैदासकेंद्र उभे राहिले. ते हटवून स्मारक उघडण्यास 2024 साल उजाडले.

आपल्या देशात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा काय होता? तीच नोंद, तीच हजेरी, तोच परवाना. अनेक भटक्या जमातींवर आणि आपल्याही काही गटांवर तो लादला गेला आणि 1952 साली उठला. आपल्याकडे त्याचा शेवट बर्लिनसारखा झाला नाही, ही ईश्वराची कृपा. आगगाडी वऱ्हाडात आली, लदेणीचे बैल रिकामे झाले आणि ज्याच्यावाचून सैन्याचे पाऊल हलत नव्हते, तो बंजारा संशयिताच्या रांगेत उभा राहिला. याच दारव्ह्यातून कापसासाठी शकुंतला गाडी धावली. आता तीही थांबली आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या पूर्वजांविषयीचा जो जुना लेख संशोधक वारंवार आधारास घेतात, तो कोणी लिहिला? वऱ्हाडच्या पोलिस खात्यातील कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याने. तो 1882 साली पुन्हा छापला गेला. भंगी व जंगी या राठोड नायकांची कथा आज अभ्यासक तेथून उचलतात. म्हणजे रोमांचे पूर्वज जसे पोलिसांच्या दप्तरात सापडतात, तसे आपलेही. वास्तविक आपल्याजवळ आपले दप्तर होते : ढाडी आणि भाट. कोणत्या तांड्याचा नायक कोण, कोणते कूळ कोठून उठून कोठे आले, हे ते गाऊन सांगत. आज या तालुक्यातील किती घरांत ढाडी येतो? आणि आला तर त्याला ऐकावयास कोण बसतो? बर्नोच्या त्या बाईंनी आम्हांस आमच्या पणजोबांच्या आईचे नाव विचारले. त्यांना स्वतःच्या पणजीचे ठाऊक होते. आम्ही दोघेही निरुत्तर झालो.

परत आल्यावर आम्ही पोहरादेवीस जाऊन सेवालाल महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि तेथून आप्तांच्या चार तांड्यांवर फिरलो. दोन वृद्ध ढाडी भेटले. त्यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. गोरमाटीतील ते शब्द देवनागरीत उतरविण्याचे काम चालू आहे. तरुणांपैकी कोणी साहाय्य करील तर हवे आहे. प्रत्येक घराने कूळ, पाडा, मूळ तांडा आणि लदेणीचा मार्ग आठवेल तेवढा लिहून द्यावा, म्हणून आम्ही मंडळाच्या चिटणीसांकडे एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आमच्या घराण्याच्या सात पिढ्या लिहिल्या आहेत. पुरुषांची सातही नावे मिळाली. याडींची तीनच मिळाली. उरलेल्या चार जागा मोकळ्या सोडल्या असून, आमच्या कुळातील कोणा वडीलधाऱ्यांस त्यांतील एखादे नाव आठवत असल्यास त्यांनी आज जेवणापूर्वी आम्हांस भेटावे, ही विनंती.