लसूणघासावरची अमरवेल



लसूणघासाच्या वाफ्यात पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसतोय का?
तीच अमरवेल.

तिला पानं नाहीत.
बी रुजलं, की कोवळा दोरा चाचपडत जवळचं खोड गाठतो.
त्याला वेढे घालतो.
वेढ्याच्या आतून बारीक शोषकमुळं खोडात घुसतात.
मग तिची जमिनीतली मुळी वाळून जाते.

आता पाणी घासाचं, साखरही घासाचीच.
घासाच्या मुळांवरच्या गाठींनी कमावलेलं नत्रसुद्धा तीच ओढते.
आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

म्हणून, फुलं येण्याआधी काढा.
नुसती वेल ओढू नका;
तुटलेला तुकडा पुन्हा चिकटतो.
घासासकट कापा, जाळून टाका.

पुन्हा सांगतो, फुलं येण्याआधी.

आणि बी धरलेली वेल गुरांना घालू नका.
ते बी शेणखतातून परत शेतात येतं.