घाटाने सुधारलेली रोल्स-रॉइस

महागड्या मोटारींची ‘नवी आवृत्ती’ दर दोन-चार वर्षांनी निघतच असते. बहुतेक वेळा दिव्यांचा आकार बदलतो, पुढची जाळी रुंद होते, आतला पडदा मोठा होतो आणि किंमत वर सरकते. आतून बदललेली गाडी क्वचितच निघते. २०२४ मध्ये बेंटलीने कॉन्टिनेन्टल जीटी नव्याने आणली, तेव्हा बारा सिलिंडरचं इंजिन कायमचं उतरवलं आणि आठ सिलिंडरच्या जोडीला विजेची मोटर दिली. तिच्या ‘स्पीड’ या वेगवान प्रकाराची ताकद ७८२ अश्वशक्ती! दूरचा पल्ला वेगानेही गाठायचा आणि आरामातही, अशा गाड्यांना ‘ग्रँड टूरर’ म्हणतात. त्या घराण्यातली एक आजी आपल्या अहिल्यानगरात, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये उभी आहे. मात्र ओळख पटायला जरा वेळ लागतो, कारण ती चिलखत घालून उभी आहे.

ही रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. हेन्री रॉइस हा हाडाचा कारागीर आणि चार्ल्स रोल्स हा हौशी, खानदानी मोटारबाज. १९०४ साली मँचेस्टरच्या एका हॉटेलात दोघं भेटले. दोन वर्षांनी त्यांची ४०/५० अश्वशक्तीची गाडी लंडनमध्ये लोकांसमोर आली. सहा सिलिंडर, सात लिटरचं इंजिन आणि क्रँकशाफ्टला सात बेअरिंग. इतक्या बेअरिंगांमुळे लांबलचक क्रँकशाफ्ट थरथरत नसे, आणि गाडीची ती प्रसिद्ध शांतता बरीचशी तिथून आली. १९०७ मध्ये एका गाडीला रुपेरी रंग देऊन तिचं नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ ठेवलं. पुढे तेच नाव सगळ्या ४०/५० गाड्यांना चिकटलं.

महाराष्ट्राने ही गाडी फार लवकर पाहिली. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणी झाली. ६२० मैलांची वाट, मध्ये सह्याद्रीचे घाट, आणि रस्ते तेव्हाचे, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचे. त्या चाचणीत रोल्स-रॉइसने बाजी मारली. ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली आणि ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. संस्थानिकांना रोल्स-रॉइसचं वेड लागलं त्यामागे मिरवण्याची हौस होतीच. पण ही गाडी घाट चढते, हेही लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

गंमत पुढेच आहे. १९०९ मध्ये कंपनीने गाडीत जी ‘सुधारणा’ केली, तिने एक पाऊल मागे टाकलं. चार गिअर होते, त्यांचे तीन केले. गिअर बदलत बसण्याची कटकट गिऱ्हाइकाला नको होती, आणि इंजिनात दम असल्याने सपाटीवर ते खपूनही जाई. १९११ मध्ये तर एक गाडी लंडनहून एडिंबरोला जाऊन परत आली ती वरच्या एकाच गिअरमध्ये. लिटरला साधारण साडेआठ किलोमीटर पडले. त्याच गाडीने पुढे ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी ७८ मैल गाठले. जाहिरातीला याहून काय हवं?

पण आल्प्स पर्वत जाहिराती वाचत नाही. १९१२ च्या ऑस्ट्रियातल्या पर्वतीय स्पर्धेत जेम्स रॅडली यांची रोल्स-रॉइस कात्शबर्गच्या चढावर अडली. पहिला गिअरच त्या चढाला पुरेना. आतली माणसं उतरवली, ओझं कमी झालं, तेव्हा कुठे ती पुढे सरकली. जगातली सर्वोत्तम गाडी म्हणून मिरवणाऱ्या कंपनीची ही चांगलीच शोभा झाली.

कंपनीच्या डर्बीतल्या कारखान्याने सबबी सांगितल्या नाहीत. पुढच्याच वर्षी चौथा गिअर परत आला, कार्ब्युरेटर मोठा झाला, इंजिनाची ताकद वाढली. १९१३ च्या स्पर्धेत या गाड्यांनी तोच पर्वत दिमाखात पार केला. ‘अल्पाइन ईगल’ या नावाने गाजलेली ही आवृत्ती म्हणजे ऐषारामी आणि दणकट अशा ग्रँड टूररचा पहिला नीट नमुना, असं म्हणायला हरकत नाही.

मग १९१४ चं युद्ध आलं. ब्रिटिश नौदलाच्या वैमानिक दलाने बेल्जियमच्या रस्त्यांवर मोटारींना पोलादी पत्रे ठोकून काम भागवलं होतं. त्यातून रीतसर चिलखती मोटारीचा आराखडा तयार झाला आणि त्यासाठी सिल्व्हर घोस्टच्या चासी सरकारने ताब्यात घेतल्या. उमरावांच्या बैठकी उतरल्या, वर गोल फिरता टरेट आणि मशीनगन चढली. मागचे पाटे मजबूत केले, मागे जोडचाकं लावली, रेडिएटरपुढे पोलादी दारं बसवली. वजन चार टनांच्या वर गेलं, तरी इंजिन तेच राहिलं आणि गाडी ताशी ४५ मैल पळत राहिली. अरबस्तानच्या वाळवंटात ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स यांची भिस्त याच गाड्यांवर होती. युद्धानंतर हिंदुस्थानासाठी वेगळा नमुना निघाला. त्याचं चिलखती अंग लांबवलेलं, वर घुमटासारखं टरेट आणि त्यात चार बाजूंना मशीनगनसाठी जागा. काही जुन्या रोल्स-रॉइस तर १९४१ मध्येही इराकात लढत होत्या.

आज असा बदल इतक्या सहज करता येत नाही. नवं मॉडेल बाजारात आणायचं, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाखाली मान्यताप्राप्त संस्थेकडून ते तपासून घ्यावं लागतं. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक, आणि संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही दुसरी. व्हीआरडीई आपल्या नगरचीच, म्हणजे अहिल्यानगरचीच. नगर म्हटलं की लोकांना भुईकोट किल्ला आणि शिर्डीची वाट आठवते. मोटारींच्या जगात या गावाचं नाव चाचणीच्या धावपट्टीमुळे घेतलं जातं.

आपली घोस्ट जिथे उभी आहे ते म्युझियम १९९४ च्या फेब्रुवारीत आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने उभारलं. तिथे पॅटन आहे, शर्मन आहे, जपानी रणगाडेही आहेत, आणि मुलं आधी त्यांच्याकडेच धावतात. घोस्टपाशी गेलात तर टरेट पाहून झाल्यावर बाजूला सरकून बॉनेटची लांबी पाहा. सहा सिलिंडर एका ओळीत बसवायचे म्हणून ते एवढं लांब आहे. लष्कराने वरचं जवळपास सगळं बदललं, पण रॉइसच्या त्या मापाला हात लावला नाही.