श्वास मोजणारी बाई

मी तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलतेय. गटाच्या बैठकीत एक वाक्य नेहमी कानावर येतं, "आशाताई काय डॉक्टर आहे? तिला काय कळतं?" आज त्यावरच बोलू.

आपली वैनगंगा पुढं गडचिरोलीत जाते. तिथं डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या सुइणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त झाले, तर धोका. पण कितीतरी सुइणींना एवढं मोजताच येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी मण्यांची पाटी केली. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजायचा. मला तर ही पाटी मोठ्या मशीनपेक्षा हुशार वाटते.

पुढं ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बाया नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखू लागल्या. दूध ओढणं कमी झालं, रडणं बारीक झालं, हातपाय ढिले पडले, अंग गार लागलं, अशी लक्षणं एकत्र दिसली की उपचार. नुसतं शिकवून सोडलं नाही हं. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन त्यांच्या नोंदी तपासत, चूक असेल तिथं पुन्हा शिकवत. आधी हजारात सुमारे ६२ नवजात बाळं दगावत होती, तिसऱ्या वर्षी ती २५ च्या आसपास आली. झोलाछाप डॉक्टर आणि या बाया यांच्यातला फरक इथंच आहे. झोलाछापाची वही कोण तपासतो?

२०११ पासून आशाताई सरकारी कार्यक्रमात बाळाच्या घरी येते, दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी ४२ दिवसांत सहा वेळा. ती आली की बाळ शांत असू द्या, पोटावरचं कापड वर करा आणि पूर्ण मिनिट मोजू द्या. मधे चहा विचारू नका! रडताना किंवा दूध पिताना मोजलेलं खरं नसतं.

आणि पुढच्या बैठकीला तिला बोलवा. थर्मामीटर चालतो का, वजनकाटा बरोबर आहे का, मागचं प्रशिक्षण कधी झालं, हे विचारा. काही बंद असेल तर गटाच्या सहीचा अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. ती "दवाखान्यात न्या" म्हणाली, तर रोवणीचे दिवस असले तरी थांबू नका, १०८ ला फोन लावा.