विद्यापीठाच्या मैदानाला प्रेक्षक का नाही?

(अकोला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कापसाचे भाव, सिंचनाचा अनुशेष आणि सहकाराची दुरवस्था या विषयांच्या रांगेत ‘विद्यापीठातील खेळ’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. खेळ हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे, असा एक जुना समज आपल्या चळवळीत आहे. हा समज बाळगणाऱ्यांनी १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाची शाखा कोठे भरत आली हे आठवावे. ती सभागृहात भरत नव्हती, मैदानावर भरत होती. शिवाय मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. एखाद्या सार्वजनिक संस्थेत लाखो मुलांकडून शुल्क गोळा होते आणि त्यांतील बहुसंख्यांना त्याच्या मोबदल्यात काहीच मिळत नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीने शुद्ध अर्थशास्त्राचाच आहे.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. देशातील विद्यापीठांत क्रीडाक्षेत्री सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. त्यावर आपल्या विद्यापीठाचे नाव एकदाही कोरले गेलेले नाही. हे आपल्या मातीचेच दुबळेपण आहे, असे म्हणण्याची सोय मात्र इतिहासाने ठेवलेली नाही. ज्या अमरावतीत हे विद्यापीठ आहे, त्याच अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी एक आखाडा काढला. त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. देश परतंत्र, प्रांत दरिद्री आणि पाठीशी सरकार नाही, अशा काळात वऱ्हाडातल्या तरुणांनी हे केले.

आजचेही पाहा. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत मातब्बर श्लोसरला हरवून सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड धनुर्विद्येच्या सांघिक सुवर्णपदकात त्याचा वाटा होता. अमरावतीचा जितेश शर्मा भारताच्या संघातून खेळला. अकोल्याच्या मैदानांवर वाढलेले अथर्व तायडे आणि दर्शन नळकांडे यांची नावे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला. तेव्हा पीक येते आहे. ते विद्यापीठाच्या बांधाबाहेर येते आहे, एवढेच.

बांधाच्या आत काय आहे? महाविद्यालयात खेळाची जबाबदारी शारीरिक शिक्षण संचालकाची असते. राज्य सरकारने २०१८ साली अनुदानित महाविद्यालयांतील भरतीची बंदी अंशतः उठवली, तेव्हा मान्य केलेली पदे अशी होती: सहायक प्राध्यापक ३,५८०, ग्रंथपाल १६३ आणि शारीरिक शिक्षण संचालक १३९. राज्याच्या छत्तीस जिल्ह्यांत ही १३९ पदे वाटली तर जिल्ह्याच्या वाट्याला चारही येत नाहीत. जेथे पद रिक्त असते तेथे मराठीचा किंवा वाणिज्याचा एखादा सद्गृहस्थ ‘क्रीडा प्रभारी’ होतो. वर्षातून एकदा संघाची यादी भरणे आणि प्रवासभत्त्याच्या पावत्या जोडणे हे त्याचे काम. त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. विनाअनुदानित महाविद्यालयांत तर मैदान कागदावर असते आणि प्रत्यक्षात त्या जागेवर संस्थाचालकांच्या मोटारी उभ्या असतात.

परंतु मला आज विशेष बोलायचे आहे ते स्पर्धेच्या पद्धतीविषयी. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते दुखण्याचे मूळ बऱ्याच अंशी तेथेच आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने, एकाच ठिकाणी, दोन-तीन दिवसांत उरकल्या जातात. बत्तीस संघांची स्पर्धा घ्या. तीत एकूण सामने एकतीस होतात, आणि सोळा संघ, म्हणजे निम्मे, एकच सामना खेळून घरी जातात. तेल्हाऱ्याची मुले पहाटे उठून अमरावतीला येतात, चाळीस मिनिटे कबड्डी खेळतात, हरतात आणि संध्याकाळच्या एसटीने परततात. त्यांचे क्रीडावर्ष संपले! चाळीस मिनिटांसाठी वर्षभर सराव कोण करील? कोणता प्राचार्य त्यासाठी मैदानावर पैसा घालील? या तीन दिवसांच्या धांदलीतून निवडलेला विद्यापीठाचा संघ थोड्या दिवसांच्या शिबिरानंतर पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो, आणि तेथे त्याची गाठ पडते ती वर्षभर सामने खेळत आलेल्या संघांशी.

आता तेच बत्तीस संघ आठ-आठांच्या चार गटांत विभागा आणि प्रत्येक गटात साखळी पद्धतीने सामने घ्या. प्रत्येक संघाला सात सामने मिळतात, एकूण सामने होतात एकशे बारा. त्यांतील तीन किंवा चार सामने प्रत्येक संघ आपल्याच गावात खेळतो. प्रवासाचा खर्च वाढेल हे मला मान्य आहे. परंतु गट शेजारच्या तालुक्यांचे केले तर संघ त्याच दिवशी परततो आणि मुक्कामाचा खर्च वाचतो. गटांचे विजेते शेवटी अमरावतीला एकत्र येतील. स्पर्धा तीन दिवसांऐवजी दहा-बारा आठवडे चालेल, आणि तेवढे आठवडे प्रत्येक महाविद्यालयात सरावाला कारण राहील.

प्रेक्षकांचा प्रश्नही येथेच गुंतलेला आहे. विद्यापीठाच्या सामन्यांना माणसे येत नाहीत, तेव्हा ‘आपल्या लोकांना खेळाची आवडच नाही’ असे अधिकारीवर्ग म्हणतो. मित्रहो, हे म्हणणाऱ्याने तळेगाव दशासरचा शंकरपट पाहिलेला नसावा. २०१४ च्या न्यायालयीन बंदीनंतर शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि पट भरू लागताच माणसे पूर्ववत लोटली. बैलांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न गंभीर आहे, त्यावर मतभेदही आहेत. मी येथे फक्त गर्दीविषयी बोलतो आहे. जत्रेतली कुस्त्यांची दंगल, हिवाळ्यात विजेच्या दिव्यांखाली चालणारे खुले कबड्डी सामने येथे माणसे मातीत मांडी घालून रात्री उशिरापर्यंत बसतात. कारण बैलजोडी ओळखीची असते, पहिलवान आपल्या गावचा असतो, आणि सामना माणसे मोकळी असतात अशा वेळी असतो. विद्यापीठाचा सामना मात्र मंगळवारी दुपारी बारा वाजता, शंभर किलोमीटरवर, कोणालाही न कळवता होतो. मूर्तिजापूरच्या महाविद्यालयाचा संघ मूर्तिजापूरकरांनी आपल्या गावात खेळताना कधी पाहिलाच नाही, तर त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात कशा?

तरुण प्रेक्षक नाही असेही नाही. तो मोबाइलवर आहे, आणि बरीच वर्षे त्याचे खेळप्रेम पैजेच्या धंद्याने वेठीस धरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचा अंमल किती होतो ते दिसेलच. परंतु कायदा मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेत नाही. संध्याकाळी पाच वाजता त्याच्या वर्गातला मित्र चढाईला निघतो आहे, असे काही त्याच्यासमोर घडले पाहिजे.

काहीजण अमेरिकेचे उदाहरण देतात. मिशिगन विद्यापीठाचे गाव जेमतेम सव्वा लाख वस्तीचे, आणि त्याच्या फुटबॉलच्या मैदानात एक लाखाहून अधिक आसने आहेत. हे दृश्य मोहक आहे खरे. पण त्या आसनांच्या बळावर विद्यापीठांनी, दूरचित्रवाणीने आणि प्रशिक्षकांनी अमाप पैसा मिळवला. खेळाडू विद्यार्थ्याला मात्र २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावरही कमाई करण्याची मुभा नव्हती, आणि विद्यापीठांनी त्याला थेट मोबदला देण्याचा मार्ग न्यायालयीन तडजोडीने २०२५ साली मोकळा झाला. श्रम कोणाचे आणि वरकड कोणाची, हे या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडेही त्या वाटेने पावले पडू लागली आहेत. आझाद करंडकावर दीर्घकाळ गुरू नानक देव, पंजाबी आणि पंजाब या सार्वजनिक विद्यापीठांचे वर्चस्व होते. २०२४ सालच्या करंडकात पहिला आणि दुसरा क्रमांक चंडीगढ विद्यापीठ आणि लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ या खाजगी संस्थांनी मिळवला. तयार खेळाडूला शुल्कमाफी, वसतिगृह आणि आहार देऊन आपल्याकडे ओढणे खाजगी विद्यापीठाला परवडते, कारण पदकाची जाहिरात होते आणि जाहिरातीतून प्रवेश वाढतात. खेळाडूने तेथे जाऊ नये असे मी कोणत्या तोंडाने सांगू? धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलीला दोन वेळचे पोटभर जेवण आणि धावायला नीट पट्टा जो देईल, तिकडे तिने जावे. प्रश्न असा आहे की तिच्याच प्रदेशाचे सार्वजनिक विद्यापीठ ते का देऊ शकत नाही.

मुलींविषयी आणखी थोडे. २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दराने मिळते, ही चांगली गोष्ट झाली. परंतु सराव संपल्यावर गावाकडे जाणारी बसच नसेल, तर निम्मे तिकीट कशाचे काढायचे? माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचा खेळ शेवटच्या बसच्या वेळेने संपवला. दुसरे कारण बोलायला संकोच वाटावा असे आहे, म्हणून ते मुद्दाम बोलतो. ज्या संताने हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, त्याचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या कक्षेत मुलींसाठी स्वच्छ शौचालय नसलेले एकही मैदान असता कामा नये. याला कोट्यवधींची योजना लागत नाही.

हंगामाचाही विचार कोणी करत नाही. सोयाबीन काढणीला येते आणि कापसाची पहिली वेचणी सुरू होते, नेमके तेव्हाच स्पर्धांचे वेळापत्रक निघते. आपला खेळाडू तेव्हा शेतात असतो. पुण्या-मुंबईच्या सोयीने आखलेले वेळापत्रक वऱ्हाडाने निमूटपणे का पाळावे? साखळी सामने डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी घेता येतील. विभागीय स्पर्धेची तारीख त्याआधी पडत असेल, तर मागल्या हंगामाच्या खेळावरून संघ निवडता येईल.

हे सर्व करून घेणार कोण? १९९४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणण्याचे वचन दिले, आणि ते अजून कागदावरच आहे. शुल्क भरणाऱ्याला खर्चाविषयी विचारण्याचा अधिकार नाही, अशी ही व्यवस्था. तेव्हा दुसरा मार्ग हाताशी घ्यावा लागेल. अधिसभेत आपल्या विचारांचे जे सदस्य असतील त्यांनी अर्थसंकल्पाच्या बैठकीत तीन आकडे मागावेत: क्रीडाशुल्काची एकूण जमा, त्यातला प्रत्यक्ष खेळाडूंवर झालेला खर्च आणि शिल्लक. हे आकडे तालुक्याच्या पत्रकारांना द्यावेत.

आणि विद्यापीठाच्या ठरावाची वाट न पाहता एक प्रयोग याच हिवाळ्यात करता येईल. अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर हे या जिल्ह्याचे सात तालुके आणि शेजारचे दर्यापूर, अशा आठ गावांतील एकेक महाविद्यालय घेऊन मुलांची आणि मुलींची कबड्डी साखळी. सामने शनिवारी संध्याकाळी. मैदान आखणे, पाणी, ध्वनिक्षेपक आणि आदल्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी दवंडी, एवढे काम स्थानिक कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. पंचांच्या प्रवासाची वर्गणी पहिल्या वर्षी आम्ही काही निवृत्त प्राध्यापक मिळून देतो. दोन प्राचार्यांशी माझे बोलणे झाले आहे. दर्यापूर आणि पातूरचे जे कार्यकर्ते येथे आले असतील, त्यांनी चहाच्या सुटीत मला भेटावे, म्हणजे मैदानाचे आजच ठरवता येईल.