ट्रॅकचा ताण : घट्ट म्हणजे बरोबर नव्हे

जबलपूरहून बोलतोय. आमच्या शहराला फौजेत ओळख मिळाली ती चाकांच्या गाड्यांमुळे. इथली व्हेइकल फॅक्टरी 1969ची. शक्तिमान ट्रक आणि जोंगा इथेच बनायच्या. चाकाची गाडी काढण्याआधी आपण टायरमधली हवा बघतो. रणगाडा, डोझर किंवा तुमच्या गावात तळं खणायला येणारा पोकलेन, यांच्यात हवेच्या जागी बघायचा तो ट्रॅकचा ताण.

ट्रॅक फार सैल असेल तर वळताना किंवा आडव्या उतारावर चाकांवरून निसटतो. मग त्या बाजूला ना ओढ राहते, ना ब्रेक. या भीतीने पुष्कळजण ट्रॅक तारेसारखा ताणून ठेवतात. त्यात पिना, बुश आणि बेअरिंग लवकर झिजतात, डिझेलही जास्त जळतं.

आता जमिनीकडे बघा. नर्मदेच्या खोऱ्यात विदर्भासारखीच काळी माती आहे. पाऊस पडला की ती स्प्रॉकेटच्या दातांत आणि कड्यांमध्ये ठासून बसते. कोरड्यात नीट लावलेला ट्रॅक चिखलात आपोआप आवळतो. म्हणून चिखलात मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मर्यादेत जरा जास्त झोळ ठेवायचा, आणि कडक जमिनीवर परत आलं की पुन्हा मोजायचं.

मोजण्याआधी चिखल खरवडून काढा. डोझर सपाट जागी थोडा पुढे घ्या आणि ब्रेक न मारता थांबू द्या. वरच्या रोलरपासून पुढच्या आयडलर चाकापर्यंत ट्रॅकवर सरळ पट्टी ठेवा. पट्टीखाली सर्वात जास्त फट असेल तिथे मोजा. पोकलेनची ती बाजू उचलून खालचा झोळ मोजतात. आकडा त्या मशीनच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

या मशीनमध्ये ग्रीस गनने ग्रीस भरलं की आयडलर पुढे सरकतो आणि ट्रॅक ताणला जातो. सैल करायला व्हॉल्व्ह हळूहळू ढिला करायचा, एका फेऱ्याहून जास्त नाही. तोंड आणि हात त्याच्या समोर नकोत. आत प्रचंड दाब असतो. ग्रीसची धार कातडीत घुसली तर जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते, पण आतून हात निकामी करू शकते. दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

शेवटचं, झिजेबद्दल. टी-72 रणगाड्याच्या एका ट्रॅकला नव्वदहून जास्त कड्या असतात. प्रत्येक जोड अर्धा मिलिमीटर झिजला, तरी ट्रॅक साडेचार सेंटिमीटरने लांबतो. आयडलर पुढे सरकवायला जागाच उरली नाही, की एक कडी काढावी लागते. तेव्हा दोन्ही बाजू मोजा, आकडे तारखेसह वहीत लिहा. ट्रॅक कधी थकणार, हे ती वही आधीच सांगेल.