कचेरीतील मेजवानी आणि उत्तरदायित्व

(गोडादरा, सुरत येथील मराठी भाषिक नागरिक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



मे २०२० मध्ये आपल्या देशात लग्नास पन्नास व अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा घालण्यात आली. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेस आलेल्या कुटुंबांनी ती किती जड अंतःकरणाने पाळली, हे आपणांस सांगावयास नको.

त्याच काळात ब्रिटनमध्ये जेथे निर्बंध ठरत होते, त्या पंतप्रधानांच्या कचेरीतच नियमबाह्य मेळावे भरले. पोलिसांनी दंडाच्या १२६ नोटिसा काढल्या. १९ जून २०२० च्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाबद्दल खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये दंड झाला. चौकशी अधिकारी स्यू ग्रे यांनी मे २०२२ च्या अहवालात दोन गोष्टी नमूद केल्या. वरिष्ठच हजर असल्याने कार्यक्रमास मुभा आहे, असा काही कनिष्ठांचा समज झाला होता. आणि पहारेकरी व सफाई कर्मचारी यांना अनादराची वागणूक मिळाली होती. या वातावरणाची जबाबदारी राजकीय व प्रशासकीय वरिष्ठांनी स्वीकारली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग आपल्याकडे जबाबदारी कोणाची? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याचे कलम ५५ याबाबत स्पष्ट आहे. शासकीय विभागाकडून त्या अधिनियमाखालील अपराध घडल्यास विभागप्रमुख दोषी मानला जातो. आपणांस माहिती नव्हती किंवा अपराध टाळण्यासाठी आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीने वा हयगयीने अपराध घडला असेल, तर तोही दोषी ठरतो. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनीही हाताखालील कर्मचाऱ्यांची सचोटी व कर्तव्यपरायणता राखण्याचे काम पर्यवेक्षकावर सोपविले आहे.

याचा अर्थ कनिष्ठ मोकळा सुटतो, असा मात्र नव्हे. “साहेब होते म्हणून मी बसलो” या सबबीने दोष सौम्य होईल, पुसला जाणार नाही. परंतु दार उघडणाऱ्या शिपायाला पुढे करून मेजवानी बोलावणारा नामानिराळा राहिला, तर तो न्याय नव्हे.

याचा उलटा धडा सुरतेनेच दिला आहे. १९९४ च्या प्लेगनंतर, १९९५ मध्ये महापालिका आयुक्त झालेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना दररोज प्रत्यक्ष पाहणीस धाडले आणि विभागवार अधिकार व जबाबदारी वाटून दिली. शहराचे रूप पालटले, ते त्यामुळे.

तेव्हा कचेरीत निरोपसमारंभ असो वा वाढदिवस, त्याची परवानगी लेखी असावी, वेळ कामकाजाबाहेरची असावी आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आधीच नोंदलेले असावे. नियम मोडलेला दिसल्यास नागरिकांनी तारीख व वेळ लिहून कार्यालयप्रमुखाकडे लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. ज्यांनी वीस माणसांत आपल्या माणसाला निरोप दिला, त्यांना एवढे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.