शाळेचा जुना संगणक आणि नवी प्रणाली
(वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



अशा समारंभात निकाल, देणग्या आणि इमारत यांविषयी बोलणे होते. मी मात्र शाळेच्या संगणक-खोलीविषयी चार शब्द सांगणार आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची साथ थांबविली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. म्हणजे २०१५ च्या सुमारास घेतलेला संगणक चांगला चालत असूनही या कसोटीला उतरत नाही. तो भंगारात काढला आणि नवा घेण्यास पैसा नसला, तर नुकसान कोणाचे? ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याचे.

यावर एक उपाय आहे, तो लिनक्सचा. ही युनिक्सच्या धर्तीची प्रणाली. हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या ३८६ संगणकासाठी ती लिहीत असल्याचे जाहीर केले. आज ती जगभर चालते आणि तिच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात.

मग अडते कोठे? लोक सांगतात, "लिनक्स बसविले, पण वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर छापत नाही." हा दोष बहुधा पुर्जाचाही नसतो आणि प्रणालीचाही नसतो. लालबाग-परळच्या गिरण्यांत ज्यांच्या घरची माणसे राबली त्यांना ठाऊक आहे, की साचा चांगला असून भागत नाही. त्याची नस जाणणारा माणूस लागतो. संगणकात हे काम ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम करतो. पुर्जा बनविणारी कंपनी विंडोजसाठी तो स्वतः देते. लिनक्ससाठी पुष्कळदा देत नाही आणि पुर्जाची माहितीही उघड करीत नाही. मग जगभरच्या प्रोग्रामरांना ती अंदाजाने शोधून काढावी लागते.

हे दुखणे जुने आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या लेसर प्रिंटरच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर मिळाला नाही, म्हणून त्यात सुधारणा करता आली नाही. त्यांनी १९८३ मध्ये जी ग्नू चळवळ जाहीर केली, तिच्या मागे हाही अनुभव होता. पुढे परिस्थिती सुधारली. ब्रॉडकॉम कंपनीने २०१० मध्ये आपल्या नव्या वाय-फाय चिपांचा ड्रायव्हर खुला केला. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून अशा पुर्जांना लागणारे फर्मवेअर स्थापनेच्या संचातच मिळू लागले.

तरीही सावधपणा हवाच. गिरगावला लागून असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आपण सुटे भाग घेतो ते खोक्यावरचे नाव पाहून. पण नाव एक आणि आतील चिप निराळी, असे घडते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या वाय-फाय ॲडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची आली. दोहोंना ड्रायव्हर निराळे लागतात. प्रिंटरचेही तेच. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे दुकानोदुकानी दिसतो. पण तो कॅप्ट नावाची त्या कंपनीची स्वतःची भाषा समजतो, आणि तिचा ड्रायव्हर नसेल तर कागद कोराच राहतो.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, संगणकातील सर्व मजकुराची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा. दुसरी, संगणक ३२-बिटचा आहे की ६४-बिटचा ते पाहा. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकासाठी स्थापनेचा संच नाही. तिसरी, डिस्कला हात न लावता लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. आवाज, पडदा, वाय-फाय, प्रोजेक्टर आणि प्रिंटर एकेक करून तपासा. वाय-फाय चालत नसेल तर केबल जोडून काम पुढे न्या. चौथी, नवा पुर्जा घेताना हाच पेन ड्राइव्ह बरोबर न्या आणि दुकानदाराला सांगा, "यावर चालला तर घेतो." शंभर ग्राहक असे विचारू लागले तर दुकानदारही तसाच माल मागवील.

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. संगणक-खोलीत एक वही ठेवा. प्रत्येक यंत्रातील चिपांची नावे, काय चालले, काय अडले आणि कशाने सुटले, हे तीत तारखेनिशी लिहा. आज एका यंत्रावर गेलेला दिवस उद्या दहा यंत्रांवर वाचेल, आणि ती वही शेजारच्या शाळेलाही उपयोगी पडेल. जो ज्ञान दडवितो तो दुसऱ्याचे काम अडवितो, हे आपण प्रिंटरच्या उदाहरणात पाहिलेच. आपण ते वाटणाऱ्यांपैकी होऊ या.